पुरानंतरची चूल: चिपळुणातल्या एका गल्लीचे प्रकरण

हे प्रकरण चिपळूणच्या बाजारपेठेला लागून असलेल्या एका सखल गल्लीचे आणि तिथल्या दहा बायकांच्या बचत गटाचे आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पुरानंतर मोफत जेवण कसे सुरू करावे हे बहुतेकांना ठाऊक असते. ते केव्हा थांबवावे आणि थांबवताना त्याच्या जागी काय उभे करावे, यावर फारसे बोलले जात नाही. या गटाला तो निर्णय सोळाव्या दिवशी घ्यावा लागला.

पार्श्वभूमी

२०२१च्या जुलैत २० तारखेला आषाढी एकादशी होती आणि २१ला बकरी ईद. त्या रात्री पाऊस थांबला नाही आणि २२च्या पहाटेपासून वाशिष्ठी व शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत चढू लागले. २६ जुलै २००५चा पूर पाहिलेल्यांनी त्या वेळच्या खुणेच्या हिशेबाने माल वर उचलून ठेवला होता. पाणी ती खूण ओलांडून गेले, आणि त्यामुळे सावध राहिलेल्यांचेही नुकसान झाले. बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा पूल खचला, वीज आणि फोन बंद पडले.

कोकणातले घर जुलैत रिकामे नसते. पावसाच्या आधी आगोटीचा बाजार झालेला असतो: तांदूळ, कुळीथ, तूर, मसाला, आमसुले, पापड, सुकट, लोणची. चार महिन्यांचे अन्न एकाच वेळी घरात असते, म्हणून पूर जुलैत आला की एका दिवसात चार महिन्यांचे अन्न जाते. कोरड्या मोसमातल्या पुरात इतके जात नाही. मदतीचा आकार ठरवताना हा फरक सहसा कोणी धरत नाही.

गटातल्या चौघी घरगुती खानावळ चालवत. बाजारातले कामगार, दुकानांतली पोरे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे एकटे गडी हे त्यांचे गिऱ्हाईक. दोघी लोणची-पापड करत, एकीची नवऱ्याबरोबर चहा-पोह्यांची टपरी होती, उरलेल्या तिघी शिवणकाम आणि घरकामावर. गल्लीत ११० कुटुंबे आणि भाड्याने राहणारे तीसेक एकटे कामगार.

अडचण

गल्लीची गरज तीन वेळा बदलली, आणि प्रत्येक वेळी कालची मदत आज चुकीची ठरली.

पहिले तीन दिवस शिजवण्याची सोयच नव्हती. चूल, गॅस, भांडी, पाणी, सगळे चिखलात. नंतरचे दहा-बारा दिवस सोय थोडी आली, पण वेळ नव्हता. घरातला गाळ काढण्यात माणसे पहाटेपासून गुंतलेली. तिसऱ्या टप्प्यात सरकारी धान्य हाती आले. प्रत्येक कुटुंबाला १० किलो गहू, १० किलो तांदूळ, ५ किलो डाळ आणि ५ लिटर रॉकेल असे ते होते, गहू नको असेल त्याला तांदूळ. पण परिसरातली पिठाची गिरणी बुडालेली. गहू होता आणि पोळी नव्हती, तांदूळ होता आणि भाकरीचे पीठ नव्हते.

त्यात बाहेरून येणाऱ्या गाड्या. मुंबई-पुण्याहून आलेली माणसे मनापासून येत होती, पण गाडी जिथवर जाते तिथेच रिकामी होत होती. हमरस्त्यालगतच्या घरांत बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या साचल्या, आतल्या गल्लीत तिसऱ्या दिवसापर्यंत गरम अन्न नव्हते.

पर्याय

स्वयंपाकाच्या जागेसाठी तीन पर्याय होते. देवळाचा सभामंडप गल्लीतच होता, पण त्यात गाळ आणि गटाराचे पाणी. एका घराची वरची गच्ची कोरडी होती, पण टोप चढवायला अरुंद जिना. तिसरी जागा चढावरची शाळा: तिला पाणी लागले नव्हते, आवारात विहीर, टेम्पो दारापर्यंत येई, पण गल्लीपासून चालत पंधरा मिनिटे. गटाने शाळा निवडली आणि ती निवड बरोबर होती. अन्न पंधरा मिनिटे वाहून नेता येते. दूषित जागेत शिजवलेले अन्न मात्र कितीही जवळ असले तरी वाढता येत नाही.

भिजलेल्या धान्याचा प्रश्न जास्त अवघड होता. वाण्याच्या गोदामात कुळीथ, तूर आणि तांदळाची पोती भिजली होती. तो ती फुकट द्यायला तयार होता. गटातल्या काहींचे म्हणणे, धुऊन, भट्टीवर भाजून डाळी वापरू. दिसायला ते शहाणपणाचे, आणि अन्न टाकताना हात कचरतोच. पण पुराचे पाणी म्हणजे गटार, डिझेल, मेलेली जनावरे आणि दुकानातली कीटकनाशके. भाजून जंतू मरतात, रसायने जात नाहीत. शिवाय ओले पोते आतून तापते. हात घातला तर कोमट लागते, दोन दिवसांत मोड आणि चौथ्या दिवशी बुरशी, आणि बुरशीचे विष शिजवूनही टिकते. गटाने नियम केला: गोणी, कापड किंवा शिवलेल्या पिशवीतले काहीही वापरायचे नाही. कारखान्यात बंद केलेले, न फुगलेले, न गंजलेले डबेच घ्यायचे, तेही बाहेरून साबणाने धुऊन, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून.

इथे एक चूक झाली आणि ती महाग पडली. नियम ठरताच तिघींनी आपापल्या घरातला नासका माल त्याच दिवशी गाळाच्या ढिगावर टाकला. पंचनामा व्हायचा होता. तलाठी आले तेव्हा दाखवायला काहीच नव्हते. माल फेकण्याआधी पोती ओळीने लावून, घराची चौकट दिसेल असा फोटो काढायचा, पोत्यांची संख्या वहीत लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, एवढे दहा मिनिटांचे काम होते.

काय केले

पाणी. शाळेची विहीर पुराच्या पाण्यापासून वाचली होती, तरी वरून पावसाचे वाहून आलेले पाणी तिच्यात उतरत होते. मोजमाप असे: व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५, म्हणजे साधारण २८ घनमीटर, २८,००० लिटर. चांगली ब्लीचिंग पावडर एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. पुरानंतर दुप्पट धरली, म्हणून १४० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत टाकली नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती पोहऱ्याने विहिरीत खालीवर केली. तासभर थांबून मगच उपसा. पहिल्या दिवशी चाचणीत क्लोरीन उतरलेच नाही. कारण पावडर जुनी आणि उघड्या पिशवीतली, सादळलेली. वास उग्र येत नसेल आणि गोळे झाले असतील तर त्या पावडरीचा हिशेब करण्यात अर्थ नाही. नवीन बंद पिशवी आल्यावर काम झाले.

इंधन. पुरात तरंगलेले सिलिंडर वापरायचे नाहीत, झडपेत गाळ बसलेला असतो. ते वितरकाकडे परत गेले. लाकडे ओली, धुराने डोळे चुरचुरत आणि टोप तापत नव्हता. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणि दोन भट्ट्या एका मंडप-केटरिंगवाल्याने दिल्या. मोठी भट्टी पूर्ण आचेवर तासाला दोन किलोच्या आसपास गॅस खाते हे धरून एक भरलेले सिलिंडर नेहमी बाजूला ठेवले.

जेवण. २४ जुलैच्या संध्याकाळी मुगाची खिचडी. माणशी ८० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगडाळ, म्हणजे ३०० जणांना २४ किलो आणि १२ किलो. तेल पावणेदोन लिटर, मीठ पावणेदोन किलो, पाणी धान्याच्या साडेतीनपट. शिजून माणशी साडेचारशे ग्रॅमच्या वर होते, म्हणून शंभर लिटरचे दोन टोप लागतात. एकाच मोठ्या टोपात केली तर खाली लागते आणि मध्ये कच्ची राहते. शिवभोजन थाळीत त्या काळी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे. एरवी ते पुरते. दिवसभर फावड्याने गाळ ओढणाऱ्या माणसाला पुरत नाही, म्हणून प्रमाण वाढवले.

दुसऱ्या दिवशी खिचडी आंबली. सवयीने ओले खोबरे घातले होते आणि गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशव्यांना गाठी मारल्या होत्या. आत वाफ धरते, अन्न तासन्‌तास कोमट राहते आणि जंतूंना तेच हवे असते. कोणी आजारी पडले नाही, पण साठेक पिशव्या टाकाव्या लागल्या. तेव्हापासून खोबरे बंद, पिशव्या बंद. झाकणाच्या डब्यांतून टोपातले अन्न गल्लीत न्यायचे, घरच्या भांड्यात वाढायचे, शिजल्यापासून दोन तासांत संपवायचे, उरले तर रात्रीसाठी ठेवायचे नाही.

पाचव्या दिवसापासून लोक खिचडीला कंटाळले. ही तक्रार खालच्या आवाजात होत होती, कारण फुकटच्या अन्नाला नावे ठेवायची कशी? गटाने ती गांभीर्याने घेतली हे फार चांगले झाले. भाड्याच्या खोल्यांतल्या कामगारांना रोटी हवी होती. शिधापत्रिका इथली नाही म्हणून त्यांचे नाव कुठल्याच यादीत नव्हते, आणि लाजेने ते रांगेच्या शेवटी उभे राहत. त्यांची वेगळी यादी खोलीमालकांकडून करून घेतली.

खरेदी कुठून? सुरुवातीला सगळा शिधा बाहेरून आलेला. घाटावरून कराडकडची भाजी येते, पण रस्ता अडला की तीही थांबते. दुसरीकडे आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका टाकळा, कुरडू, भारंगी, पडवळ, दोडकी घेऊन नेहमीप्रमाणे शहरात येत होत्या आणि बसायला बाजारच नसल्याने परत जात होत्या. सहाव्या दिवसापासून गटाने त्यांच्याकडून रोख घेणे सुरू केले. पहिला धडा लगेच मिळाला: टाकळा तीनशे जणांसाठी निवडायला पाच बायकांचे तीन तास जातात. म्हणून रानभाजी दिवसाआड आणि खिचडीतच घालून. पडवळ-दोडकी बाकीचे दिवस. अळू एकदाच केले. आमसुले कमी पडली, चौघांच्या घशाला खाज सुटली, पुन्हा केले नाही.

मुख्य निर्णय: मोफत जेवण कधी थांबवायचे

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रांग कमी झाली नव्हती, पण रांगेतली माणसे बदलली होती. घरी चूल पेटलेली माणसेही वेळ वाचतो म्हणून येत होती. त्याच वेळी टपरीवाल्या जोडप्याने उसनी शेगडी आणून पोहे सुरू केले आणि तीन दिवसांत बंद केले. शंभर पावलांवर फुकट जेवण असताना पोहे कोण घेणार? ते जोडपे गटातलेच होते. आपलेच स्वयंपाकघर आपल्याच बाईचा धंदा उभा राहू देत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

तीन पर्याय मांडले गेले. एक, गणपतीपर्यंत मोफत चालवायचे. धान्य येत होते, देणारे आग्रह करत होते. दुसरा, दिव्याच्या अवसेला, ८ ऑगस्टला, बंद करायचे. तिसरा, जेवण बंद करून त्या पैशांच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्या गल्लीतल्याच विक्रेत्यांकडे चालवायच्या. दोन बैठका वादात गेल्या. म्हातारी, आजारी आणि एकटी माणसे चिठ्ठी घेऊन काय करणार, हा आक्षेप खरा होता. शेवटी तिसरा पर्याय घेतला आणि अशा सतरा जणांचा डबा चालूच ठेवला.

चिठ्ठी २० रुपयांची. कुटुंबाला २०, म्हणजे ४०० रुपये. एकट्या कामगाराला १०. मुदत पंधरा दिवस. ११० कुटुंबांचे ४४,००० आणि तीस कामगारांचे ६,०००, एकूण ५०,००० रुपये, सगळे देणगीतून. चिठ्ठीवर क्रमांक आणि गटाचा शिक्का, मागे कुटुंबाचा यादी-क्रमांक. सहा विक्रेते ठरले: दोन भाजीवाल्या, एक वाणी, चहा-पोह्यांची टपरी आणि दोन खानावळी. सगळ्यात महत्त्वाची अट हिशेबाची होती: दररोज संध्याकाळी सातला चिठ्ठ्या मोजून रोख द्यायचे. ज्याचे भांडवल वाहून गेले त्याला आठवड्याने पैसे मिळणार असतील तर तो दुसऱ्या दिवशी भाजी आणू शकत नाही. दोनदा रोख कमी पडली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी एक भाजीवाली आलीच नाही.

अडचण आलीच. एका विक्रेत्याने १५ रुपये रोख देऊन २०च्या चिठ्ठ्या विकत घेतल्या. गटाने त्याला काढून टाकले नाही. लोक चिठ्ठ्या का विकत होते हे विचारले, तर औषध आणि मोबाइल रिचार्जसाठी रोख लागत होती. मग यादीतल्या कुटुंबांना पाचपर्यंत चिठ्ठ्या गटाकडेच पूर्ण किमतीला रोखीत बदलून देण्याची मुभा दिली. आडव्या वाटेने होणारा व्यवहार त्यानंतर थांबला.

गिरणी

जी गोष्ट सर्वांत आधी करायला हवी होती ती सर्वांत उशिरा सुचली. घराघरात सरकारी गहू पडून होता, खानावळींना पोळ्या करायच्या होत्या, आणि परिसरातली एकमेव गिरणी बंद. गिरणीवाल्याची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर पाण्याखाली गेली होती. त्याने वीज आल्या आल्या ती चालू करून पाहिली आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळाले. हे बहुतेक ठिकाणी घडते. बुडालेली मोटर, मिक्सर किंवा फ्रिज वरून कोरडा दिसला तरी आत ओलावा असतो. आधी उघडायची, स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, बेअरिंग काढायचे, स्टेटर (गुंडाळी असलेला न फिरणारा भाग) पेटीत ठेवून मोठे दिवे लावून सलग दोन-तीन दिवस तापवायचा, मग मेगरने, म्हणजे विजेचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासायचे; किमान एक मेगओहम आल्याशिवाय वीज जोडायची नाही. कोकणच्या पावसाळी हवेत नुसते उघड्यावर ठेवून मोटर वाळत नाही.

शहरातली वाइंडिंगची दुकानेही बुडालेली होती. गटाने उरलेल्या देणगीतून मोटर बाहेरगावी पाठवली, बेअरिंग आणि पट्टा नवा घेतला, जात्याचे दगड काढून धुऊन त्यांना पुन्हा टाकी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या. पहिले पाच किलो धान्य दळून फेकले, फटीत अडकलेला गाळ निघावा म्हणून. बदल्यात गिरणीवाल्याने महिनाभर गल्लीचे दळण निम्म्या दरात देण्याचे कबूल केले. गिरणी १८ ऑगस्टला सुरू झाली. पहिल्या दिवशी रात्री दहापर्यंत डब्यांची रांग होती.

निष्पत्ती

चिठ्ठ्यांची मुदत २३ ऑगस्टला संपली. सहापैकी पाच विक्रेते तोपर्यंत रोखीच्या गिऱ्हाइकावर चालू लागले होते. एका भाजीवालीला शक्य झाले नाही, ती नंतर दुसरीकडे बसू लागली. चार खानावळींपैकी तीन सुरू झाल्या. चौथीचे घर राहण्याजोगे राहिले नव्हते, ती कुटुंबासह शहराच्या वरच्या भागात भाड्याने गेली आणि तिचे गिऱ्हाईक तुटले. भांडी, शेगडी, सगळे तिला मिळाले होते. जागा मिळाली नाही, आणि त्यावर गटाकडे उपाय नव्हता.

१० सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीसाठी गटाने उकडीच्या मोदकांची मागणी घेतली: एकवीसचा एक डबा, साठ डबे, म्हणजे १,२६० मोदक. २१ किलो पिठी आणि नव्वदेक नारळ. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे तर हवा दमट, म्हणून दळायला आठ दिवस आधी पंख्याखाली चादरींवर पसरले. सात बायका, तासाला साधारण चारशे मोदक वळून होतात. एका पात्रात पंचवीस, चार पात्रे, वाफ बारा मिनिटे. पहाटे चारला सुरुवात केली तर सकाळी साडेसातपर्यंत व्हायला हवे होते. प्रत्यक्षात नऊ वाजले, कारण पहिली उकड कोरडी झाली आणि मोदक चिरू लागले. तरी पूजेच्या वेळेआधी सगळे डबे पोहोचले. पुरानंतरची ती गटाची पहिली स्वतःची कमाई.

पुन्हा वेळ आली तर

गटाने नंतर बसून जे बदल लिहून ठेवले त्यांतला पहिला गिरणीचा आहे. दुसऱ्या आठवड्यातच परिसरातली गिरणी, वाइंडिंगवाला आणि गॅसवाला यांची स्थिती पाहायची आणि पहिला पैसा तिथे घालायचा. सतरा दिवस आधी पीठ मिळाले असते तर मोफत जेवण दहाव्या दिवशी थांबवता आले असते, आणि टपरी एकदा बंद पडलीच नसती.

दुसरा बदल देणाऱ्यांशी बोलण्याचा. तांदूळ पाठवू का, असा फोन आला की गट "पाठवा" म्हणत गेला, आणि शेवटी अकरा पोती उरली, ती वाटायला वेगळी धावपळ झाली. पुढच्या वेळी पहिल्याच फोनवर सांगायचे: चार दिवस धान्य, त्यानंतर फक्त पैसे, आणि ते इथल्याच दुकानात खर्च होतील.

एका मुद्द्यावर गटात अजूनही एकमत नाही. काहींच्या मते म्हाताऱ्यांचा डबा गटाने स्वतः न चालवता तो खानावळवाल्या बायकांना पैसे देऊन करून घ्यायला हवा होता, म्हणजे पहिल्याच दिवसापासून त्यांना ठरलेले सतरा डबे मिळाले असते. बाकीच्यांना तेव्हा पैसे घेऊन म्हाताऱ्यांना जेवू घालणे बरे वाटले नाही. सध्या तो डबा दोन खानावळी आळीपाळीने करतात, नऊ जणांचा, आणि त्याचे पैसे मोदकांच्या कमाईतून बाजूला काढले जातात.

आगोटीचा माल आता गल्लीतली बरीच घरे दोन हप्त्यांत भरतात: अर्धा जूनच्या आधी, अर्धा नारळी पौर्णिमेनंतर. पहिल्या हप्त्याचे तांदूळ घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत, २०२१च्या खुणेच्या वर बांधलेल्या फळीवर.